सुईने झोप येते का?

(साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे एका निवृत्त हेडमास्तरांनी केलेले भाषण)



आज झोपेविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. ऐकता ऐकता कुणाचा डोळा लागला, तर मला राग यायचा नाही. भाषणाचा गुण आला असेच मी समजेन.

वर्गातली काही मंडळी विचारीत होती, "गुरुजी, शहरात सुया टोचून झोप आणतात म्हणे. खरे का? जावे का?" प्रश्न चांगला आहे. रात्र रात्र डोळा लागत नाही त्याचे हाल त्यालाच ठाऊक. असा माणूस कुणी काही सांगितले की धावतो. त्याची गाठ चांगल्या माणसाशी पडली तर बरे. लबाडाशी पडली तर पैसा जातो, आणि झोपही येत नाही. म्हणून जाण्याआधी माहिती करून घ्यावी.

या उपचाराचे नाव ॲक्युपंक्चर. हा उपचार मूळचा चीन देशातला. तिथे तो दोन हजार वर्षांहून जुना आहे. चिनी लोकांची समजूत अशी की, अंगात एक शक्ती वाहते. तिला ते 'ची' म्हणतात. आपल्या मळ्यात विहिरीचे पाणी पाटाने जाते ना? तसे या शक्तीचे अंगात पाट आहेत, असे ते मानतात. मुख्य पाट बारा. पाट कुठे तुंबला तर पुढचा वाफा कोरडा राहतो. तसेच शक्ती अडली की दुखणे येते. मग ठरलेल्या जागी सुई टोचायची आणि पाट मोकळा करायचा. अशा ३६१ जागा त्यांनी नेमून दिलेल्या आहेत.

झोपेसाठीही जागा ठरलेल्या आहेत. एक जागा मनगटावर, करंगळीच्या बाजूला, तळहात संपतो त्या रेघेवर. तिचे चिनी नाव 'शेनमेन'. त्याचा अर्थ मनाचा दरवाजा. दुसरी जागा पायावर, आतल्या घोट्याच्या चार बोटे वर.

सुई म्हणजे डॉक्टरची इंजेक्शनची सुई नव्हे, बरं का. ती पोकळ नसते आणि तिच्यातून औषध जात नाही. ती केसासारखी बारीक असते. टोचल्यावर थोडे जड वाटते, मुंग्या येतात. वीस ते तीस मिनिटे सुया तशाच ठेवतात आणि मग काढतात. माणूस तोवर स्वस्थ पडून असतो. असे आठवड्यातून एकदोनदा, काही आठवडे करायचे असते.

हा उपचार आपल्या देशात कसा आला, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९३८ साली चीनवर जपानची स्वारी चालू होती. तेव्हा आपल्या काँग्रेसने तिकडच्या जखमी लोकांसाठी पाच डॉक्टर पाठवले. त्यांत दोघे आजच्या महाराष्ट्रातले होते. एक नागपूरचे डॉ. चोळकर, आणि दुसरे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस सुयावाले नव्हते, ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. आघाडीवर राबता राबता १९४२ साली ते तिकडेच वारले. वय अवघे ३२. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली सिनेमा काढला. त्याच पाचांत कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. ते पुन्हा चीनला गेले आणि १९५९ च्या सुमारास हा सुईचा उपचार शिकून आले. कलकत्त्यात त्यांनी तो सुरू केला आणि इतरांना शिकवला. आपल्याकडे त्याचा प्रसार तिथून होत गेला.

पुढे सरकारनेही दखल घेतली. महाराष्ट्रात या उपचारासाठी २०१५ चा कायदा आहे. त्या कायद्याने एक परिषद नेमली. उपचार करणाऱ्याने तिच्याकडे नाव नोंदवायचे असते. केंद्र सरकारने २०१९ साली या पद्धतीला मान्यता दिली.

आता कुणी म्हणेल, "सरकारने मान्यता दिली, म्हणजे गुण येणारच!" तसे नाही, मंडळी. बियाण्याच्या दुकानाला परवाना असतो. म्हणून प्रत्येक पिशवीतले बी उगवतेच का? परवाना ही एक गोष्ट आणि उगवण ही दुसरी. उगवण पाहायची तर बी पेरून मोजावे लागते.

मग सुईचा गुण कुणी मोजला का? होय, पुष्कळांनी मोजला. पण मोजण्यात एक अडचण आहे. ती आधी समजून घ्या.

पाऊस लांबला की आपल्याकडे धोंडी काढतात. पोराच्या अंगाला लिंबाचा पाला बांधतात आणि दारोदार पाणी घालतात. चार दिवसांनी पाऊस येतो. लोक म्हणतात, धोंडी पावली. पण विचार करा. धोंडी कधी काढतात? लोक अगदी कासावीस झाले म्हणजे. तोवर पावसाची वेळ बहुधा आलेलीच असते. झोपेचेही तसेच आहे. ती कधी बिघडते, कधी आपोआप सुधारते. अगदी वाईट आठवडा गेला की माणूस उपाय शोधायला निघतो. मग थोडे बरे वाटले की तो उपायाला श्रेय देतो. श्रेय उपायाचे, की दिवस पालटल्याचे, हे एकट्याच्या अनुभवावरून कळत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. कुणी आपली विचारपूस केली, अर्धा तास शांत निजवले, "आता बरे वाटेल" असे सांगितले, तर मनाला धीर येतो. धीर आला की झोपही येते. मग गुण सुईचा की धीराचा?

हे ओळखण्यासाठी १९९८ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी एक खोटी सुई केली. तमाशात किंवा नाटकात खोटी कट्यार असते ना? छातीत खुपसल्यासारखी दिसते, पण पाते मुठीत जाते. तशीच ही सुई. टोचल्यासारखी वाटते, पण आत जात नाही. मग निम्म्या लोकांना खरी सुई आणि निम्म्यांना खोटी. कुणाला कोणती हे रोग्याला सांगायचे नाही. नंतर दोघांची झोप मोजायची.

सुई आणि झोप यांविषयीच्या ३३ तपासण्या एकत्र करून कोक्रेन नावाच्या जगप्रसिद्ध संस्थेने २०१२ साली अहवाल काढला. त्यांत मिळून २,२९३ माणसे होती. निकाल काय लागला? काही तपासण्यांत गुण दिसला. पण बऱ्याच तपासण्या नीट केलेल्या नव्हत्या. म्हणून अहवाल म्हणाला, सुईने झोप येते असेही खात्रीने सांगता येत नाही, आणि येत नाही असेही सांगता येत नाही.

दुसरी एक तपासणी अमेरिकेत झाली. तिचा निकाल २०१९ साली छापून आला. कर्करोगाच्या उपचारातून गेलेली १६० माणसे घेतली. सर्वांना झोपेचा त्रास होता. निम्म्यांना आठ आठवडे सुया टोचल्या. बाकीच्यांना सुई नाही, गोळी नाही. त्यांना झोपेच्या सवयी बदलायला शिकवले. दोन्ही गटांची झोप सुधारली. पण सवयी बदलणाऱ्यांची जास्त सुधारली.

हे ध्यानात ठेवा. सुईवाल्यांनाही बरे वाटले, हे खरे. पण ज्यांनी सवय बदलली, ते पुढे गेले. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या मोठ्या संस्थेनेही २०१६ साली हेच सांगितले. झोप न येण्याचा जुना त्रास असेल, तर गोळी देण्याआधी सवयीचा उपाय करावा.

तो सवयीचा उपाय आता सांगतो. त्याला पैसा लागत नाही, पण नेट लागतो.

आधी झोप कशी येते ते पाहा. झोप भुकेसारखी आहे. जेवून बराच वेळ झाला की भूक लागते. तसेच, जागून बराच वेळ झाला की झोप साठते. संध्याकाळी पोटभर खाल्ले तर रात्री जेवण जात नाही. तसेच दुपारी दोन तास ताणून दिली, तर रात्री झोप कुठून येणार? शिवाय अंगात एक घड्याळ आहे. सकाळच्या उजेडाने त्या घड्याळाला किल्ली बसते. रोज उठण्याची वेळ बदलली की ते घड्याळ बिघडते.

आणि तिसरी गोष्ट सवयीची. बैलाला संध्याकाळी सोडा, तो आपल्या पायांनी गोठ्याकडे जातो. अंगालाही अशीच सवय लागते. अंथरुणावर टेकले की झोप, अशी सवय असली तर पाठ टेकताच डोळा लागतो. पण अंथरुणावर तीन-तीन तास कर्जाची, पोरीच्या लग्नाची, बांधाच्या भांडणाची काळजी करीत पडले, तर अंग काय शिकते? अंथरूण म्हणजे काळजीची जागा. मग ओसरीवर बसल्या बसल्या पेंग येते, आणि अंथरुणावर गेले की डोळे टक्क उघडे!

म्हणून उपाय असे आहेत.

रोज एकाच वेळी उठा. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ सोडू नका. उठून बाहेर उजेडात या.

झोप आल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नका. आठ वाजता आडवे व्हायचे आणि अकरापर्यंत कूस बदलायची, हे बंद करा. खरोखर सहाच तास झोप लागत असेल, तर नऊ तास अंथरुणावर लोळू नका. उशिरा पडा आणि वेळेवर उठा. झोप भरू लागली की हळूहळू वेळ वाढवा. मात्र अंथरुणावरचा वेळ साडेपाच-सहा तासांच्या खाली आणू नका. फेफरे येणाऱ्याने, किंवा ट्रॅक्टर, ट्रक चालवणाऱ्याने हा वेळ कमी करण्याचा उपाय डॉक्टरला विचारूनच करावा.

अंथरुणावर पडून बराच वेळ डोळा लागला नाही, तर उठा. मंद उजेडात स्वस्थ बसा. पेंग आली की परत जा. पुन्हा नाही लागली, तर पुन्हा उठा. पहिले आठ-दहा दिवस जड जातात. तेव्हाच नेट धरायचा.

अंथरूण झोपेसाठी ठेवा. हिशेब, भांडण आणि मोबाईल तिथे नको. काळजी असेल तर तिला दिवेलागणीला बसून तोंड द्या. काय करायचे ते कागदावर उतरवा. काळजी कागदावर गेली की डोक्यातली थोडी हलकी होते.

दुपारनंतर चहा नको. चहाचा अंमल कित्येक तास राहतो. तंबाखू आणि मशेरी यांनी मेंदू जागा होतो. बायकांनी निजताना मशेरी लावू नये. दारूने झोप येते असे पुष्कळ जण म्हणतात. डोळा लवकर लागतो हे खरे. पण मध्यरात्री जाग येते आणि पुढची झोप तुटक होते. दारू झोप उसनी देते आणि व्याजासकट वसूल करते.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, शेतीपंपाची वीज रात्री येते. आम्ही पाणी धरायला जातो. वेळेवर निजायचे कसे?" बरोबर आहे. यात दोष तुमचा नाही, आणि हा निद्रानाशही नव्हे. झोप येते, पण निजायला वेळ मिळत नाही. त्यावर सुईही नको आणि गोळीही नको. पाणी धरून आलात की अंधाऱ्या, थंड जागेत सलग निजा. घरच्यांनी त्या वेळी हाका मारू नयेत. मोठ्या माणसाला चोवीस तासांत सात तास तरी झोप हवीच.

काही वेळा झोप बिघडण्याच्या मुळाशी दुसरेच दुखणे असते. ते ओळखले पाहिजे. घरधनी मोठ्याने घोरतो, घोरता घोरता श्वास अडतो, मग दचकून जागा होतो आणि दिवसा पेंगतो. हे दुखणे निराळे आहे. त्याला दवाखान्यात न्या, आणि झोपेची गोळी तर त्याला मुळीच देऊ नका. रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठावे लागत असेल, तर साखर तपासा. पाळी जाण्याच्या वयात बायकांना अंगातून वाफा येऊन जाग येते. तेही डॉक्टरणीला सांगावे. लाजू नये.

आणि मन! कशातच गोडी वाटत नाही, पहाटे तीनला जाग येते, रडू येते, जगणे नकोसे वाटते. हे आळसाचे लक्षण नव्हे आणि भुताटकीही नव्हे. हा आजार आहे, आणि त्याला उपचार आहे. अशा माणसाला एकटे सोडू नका. सरकारचा 'टेलि-मानस' नावाचा फोन आहे. नंबर १४४१६. रात्रंदिवस चालू असतो, फुकट असतो, आणि मराठीत बोलता येते. हा नंबर आत्ताच्या आत्ता पाटीवर लिहून घ्या.

गोळ्यांविषयी एक शब्द. झोपेची गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. शेजारणीला लागू पडली म्हणून आपण घ्यायची नाही. आणि जो महिनोन्महिने घेत आहे, त्याने ती एकाएकी सोडू नये. त्याने त्रास वाढतो. डॉक्टरला सांगून थोडी थोडी कमी करावी.

इतके सांगूनही कुणाला सुईचा उपचार करून पाहावासा वाटला, तर मी अडवणार नाही. शिकलेल्या हाताने, स्वच्छ सुईने केला, तर सहसा मोठा अपाय होत नाही. एखादा थेंब रक्त येते, थोडे काळेनिळे होते. पण अडाणी हात छातीत खोल सुई घालील, तर फुप्फुसाला भोक पडते. एकाची सुई दुसऱ्याला वापरली, तर काविळीसारखे रोग रक्तातून जातात. म्हणून जाल तेव्हा हे प्रश्न जरूर विचारा.

"आपले नाव परिषदेकडे नोंदले आहे का? दाखला दाखवा." आता तुम्हांला वाचता येते. भिंतीवरचा दाखला स्वतः वाचा. नाव आणि नोंदणीचा नंबर पाहा.

"सुई नवी आहे का?" बंद पाकीट तुमच्यासमोर फोडले पाहिजे, आणि वापरलेली सुई तुमच्यासमोर टाकून दिली पाहिजे.

"किती वेळा यावे लागेल आणि एकूण खर्च किती?" आकडा आधी घ्या. "येत राहा, बघू" असे उत्तर आले, तर तुम्हीही "बघू" म्हणा आणि घरी या.

आणि आपणही त्याला सांगायचे. बाई गरोदर असेल तर सांगा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर सांगा. उपचार करणारा "तुमची साखरेची, रक्तदाबाची गोळी बंद करा" म्हणाला, तर उठून या. बाजारच्या दिवशी झाडाखाली बसून सुया टोचणाऱ्याला तर हात लावू देऊ नका. एका खेपेत कायमचा गुण, असे जो सांगतो, तो झोपेचा नव्हे, तुमच्या खिशाचा वैद्य आहे.

आता शेवटची गोष्ट. तुम्ही सगळे यंदा लिहायला शिकलात. ती विद्या इथे कामी आणा. एक लहान वही करा. तिचे नाव झोपेची वही. रोज सकाळी तिच्यात एकदोन ओळी लिहा. रात्री घड्याळ पाहत बसू नका. सकाळी आठवेल तसा अंदाज लिहा. ओळी अशा:

'सोमवार. साडेनऊला पडलो. तासाभराने झोप लागली. दोनदा जाग आली. पाचला उठलो. काल संध्याकाळी चहा घेतला. दुपारी निजलो नाही.'

एवढे पुरे. दोन आठवडे लिहा. मग उपाय सुरू करा आणि लिहीत राहा. उपाय सवयीचा असो, सुईचा असो, की गोळीचा असो. पण एका वेळी एकच उपाय करा. तीन उपाय एकदम केले, तर कोणता लागू पडला हे कळणार नाही. महिन्याने पहिली पाने आणि शेवटची पाने शेजारी ठेवून वाचा. तासाभराऐवजी वीस मिनिटांत झोप लागू लागली, तर उपाय चालू ठेवा. आकडे होते तिथेच असतील, तर कुणी कितीही गोड बोलो, पैसे देणे थांबवा.

आठवड्यातून तीन रात्री किंवा जास्त, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ असा त्रास होत असेल, तर तो जुना निद्रानाश समजावा. मग ही वही घेऊन आरोग्य केंद्रात जा. "झोप येत नाही" एवढेच सांगितले, तर डॉक्टरला थोडे कळते. वही पुढे ठेवली, तर पुष्कळ कळते.

माणूस विसरतो. वाईट रात्र आठवते, चांगली रात्र आठवत नाही. लबाड माणूस याच विसरण्यावर पोट भरतो. वहीत लिहिलेले मात्र कुणाला फिरवता येत नाही. आज घरी गेलात की वहीवर तारीख घाला. उद्या सकाळी पहिली ओळ लिहा. पुढच्या सोमवारी वह्या घेऊन या. आपण मिळून वाचू.